गुरुवर्य केळुसकर : एका भेटीची साखळी

वेंगुर्ल्यानजीकच्या केळूस गावी १८६० साली जन्मलेले कृष्णाजी अर्जुन केळुसकर मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलाचे विद्यार्थी. गुरुजींच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. तरीही चर्नी रोडच्या बागेत वाचनात गढलेला हा मुलगा गुरुजींनी हेरला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांस भेट दिले. पुढे शिक्षण खुंटण्याची वेळ आली असता त्यांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली भीमराव कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

१९३४ साली गुरुजी निवर्तले. १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय वा १९५६ ची धम्मदीक्षा त्यांनी पाहिली नाही. शिक्षकाच्या कार्याचे मोजमाप निकालपत्रकावर होत नाही. ते शिष्यांच्या शिष्यांपर्यंत जाऊन करावे लागते. कवठे महांकाळच्या अवर्षणग्रस्त भूमीत वसतिगृहाच्या दिव्याखाली शिकणारे प्रत्येक मूल त्याच साखळीची कडी होय.

गुरुवर्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!