ज्यांच्या लेथवर माझा ब्रेक ड्रम सरळ झाला: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

आमच्या भंडाऱ्याच्या घरामागच्या शेडमध्ये बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. नोकरी नागपूरला, त्यामुळे शनिवार-रविवार मिळतात तेवढेच. गेले सात महिने मी ते त्या गाडीखाली झोपून काढलेत. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलंय, आरटीओत गाडी दाखवायची आहे, आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक लागले नाहीत तर बाकी रंगरंगोटी करून काय उपयोग? बाबांचं म्हणणं सरळ होतं. ब्रेकची खात्री नसेल तर भंगारात दे, पण त्या गाडीत कुणाला बसवू नकोस.

पुढचे दोन्ही ड्रम मी बाहेर एका वर्कशॉपमधून टर्न करून आणले. बसवले, गाडी गल्लीत फिरवली, तर ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतंय. आधी होतं त्यापेक्षा जास्त! डायल गेज लावून ड्रम हाताने फिरवला तर काटा जवळजवळ ०.४ मिलिमीटर पुढे-मागे. म्हणजे ड्रमचा गोल त्याच्या मध्याभोवती फिरतच नव्हता. कारण नंतर कळलं. ड्रम हबवर जिथे टेकतो तिथला गंज न काढताच तो लेथवर पकडला होता. पकडताना तिरका, म्हणून कापलाही तिरका.

मग गावातल्याच एका म्हाताऱ्या लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी अर्धा तास नुसता तारेचा ब्रश मारला, मग ड्रम चकवर धरला, गेज लावून हळूहळू सेंटर काढला आणि अगदी पातळ कट घेतला. दुसरा ड्रमही तेवढाच कापला, कारण एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन ड्रमच्या मापात फरक राहिला तर गाडी एका बाजूला ओढते. मी त्या मशीनकडे बघत होतो. रंग कधीच उडालेला, पण ओतीव बॉडीवरचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. किर्लोस्कर.

हे नाव तुम्ही शेतातल्या पंपावर किंवा जनरेटरवर शंभर वेळा पाहिलं असेल. मीही पाहिलं होतं, आणि इंजिनिअरिंगची चार वर्षं काढूनही त्या नावामागचा माणूस मला माहीत नव्हता. त्या रात्री वाचायला बसलो ते पहाटे दोनपर्यंत.

रंग ओळखता न येणारा चित्रकार

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात यंत्रांशी कुणाचा संबंध नाही. शाळेत मन लागेना, आवड दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. घरच्यांच्या मनाविरुद्ध ते १८८५ साली मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरक दिसतच नाही. अंशतः रंगांधळेपणा.

आम्ही अ‍ॅप बनवताना लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांसाठी वेगळी चाचणी करतो, म्हणून हा तपशील वाचताना मी थोडा थांबलो. अठरा वर्षांचा मुलगा, घरच्यांशी भांडून आलेला, आणि ज्यासाठी आला तेच करता येणार नाही. पण त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यांत्रिक ड्रॉइंगमध्ये रंग लागत नाही, माप लागतं. ते शिकून पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचं व्हीजेटीआय) ते शिक्षक झाले. ही संस्था तेव्हा भायखळ्याला होती आणि नुकतीच, १८८७ मध्ये सुरू झाली होती. वर्गात ड्रॉइंग शिकवायचं आणि मोकळ्या वेळात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मशीन समजून घ्यायची, असं त्यांचं चालायचं. यंत्रशास्त्राची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

सायकल: तेव्हाचा महागडा गॅजेट

१८८८ साली लक्ष्मणराव आणि त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामूअण्णा विकत आणि दुरुस्त करत. त्या काळी एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये होती. हो, १८८८ मधले रुपये. आज आपण फ्लॅगशिप फोनची किंमत ऐकून डोळे मोठे करतो, त्यापुढे हे काहीच नाही. विकत घेणाऱ्याला चालवता येत नसे, म्हणून रामूअण्णा शिकवणी घेत, फी १५ रुपये.

मला हे दुकान फार आवडतं. कारण सायकल हे शिकण्यासाठी उत्तम यंत्र आहे. बेअरिंग, चेन, दातेरी चक्र, ब्रेक, सगळं उघड्यावर. खोलून बघायला कुणाची परवानगी लागत नाही. जुन्या गाड्यांचंही तेच आहे. माझ्या पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात एकही सेन्सर वाचायला स्कॅनर लागत नाही. पाने, पक्कड, कानस, एक चांगला व्हाइस आणि फीलर गेज असला की घरच्या शेडमध्ये निम्मं काम होतं. (नवीन शिकणाऱ्यांसाठी: पद्मिनीचे नट मिलिमीटरचे, जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचे इंचाचे. एकाचे पाने दुसरीला लावून नटांचे कोपरे घासू नका. मी घासलेत.)

मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाकडे परत आले. आता ड्रॉइंगवरची यंत्रं प्रत्यक्ष बनवायची होती.

दोन वर्षं एकही नांगर विकला गेला नाही

सुरुवात झाली कडबा कापण्याच्या यंत्रापासून. अख्खा कडबा टाकला की जनावर पानं खातं आणि जाड धांडे तुडवून वाया घालवतं. बारीक तुकडे केले की सगळं खातं. आमच्याकडे भातामुळे कडब्यापेक्षा तणसच जास्त, पण हिशोब तोच.

मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमिनीला चीर पाडतो, पण माती पालटत नाही. लोखंडी नांगराचा वळलेला पंखा मातीचा थर उचलून उलटा टाकतो, त्यामुळे तण मुळासकट गाडलं जातं आणि खालची माती वर येते. परदेशी नांगर तेव्हा बाजारात यायला लागले होते. लक्ष्मणरावांनी तशा नांगराचा अभ्यास करून आपल्या बैलांना आणि आपल्या जमिनीला चालेल असा बनवला.

आणि तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण दोन वर्षं म्हणजे दोन पावसाळे, दोन हंगाम. लोखंडाचे पैसे द्यायचे, कामगारांचे पगार द्यायचे, आणि माल कोपऱ्यात पडून. आपण अ‍ॅप टाकल्यावर दोन आठवड्यांत डाउनलोड आले नाहीत तर प्रोजेक्ट बंद करतो.

शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसणं मात्र मला पटत नाही. ज्याचं वर्षभराचं पोट एका वावरावर आहे तो नवीन वस्तूचा प्रयोग त्याच वावरावर का करेल? नांगर चालतो हे शेजारच्या शेतात दिसलं तेव्हाच लोक घ्यायला लागले. माझ्या बाबांचा ब्रेकवर विश्वास बसायलाही प्रत्यक्ष चाचणीच लागली.

नांगराची गाडी रुळावर येत होती तोच बेळगावच्या नगरपालिकेने वसाहतीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. वय चाळिशीचं, कुटुंब मोठं, हातात भांडवल नाही आणि मशीन ठेवायला छप्पर नाही. त्या काळात औंधच्या संस्थानात त्यांना बांधकामाचं काम मिळालं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी जागा देऊ केली आणि वर बिनव्याजी १०,००० रुपये कर्ज.

जागा कशी, तर कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ. निवडुंग, दगड आणि साप. १० मार्च १९१० पासून तिथे किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात येते, आणि स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच आहे. रामूअण्णा आणि शंभोराव जांभेकरांसारखे सोबती यांनी माळावर संसार थाटले. आधी निवडुंग तोडायचा, मग शेड टाकायची, मग मशीन.

त्या गावाबद्दल दोन गोष्टी मला कारखान्यापेक्षा मोठ्या वाटतात. एक, तिथे अस्पृश्यता पाळायला बंदी होती. दुसरी, शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं होतं. म्हणजे अख्ख्या कारखान्याची राखण त्यांच्या हातात. १९१० च्या आसपासचं महाराष्ट्रातलं गाव डोळ्यासमोर आणा, मग यातला धोका कळेल.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेनासं झालं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या, असं तिकडे सांगतात. तोफेचा नांगर! युद्धानंतर १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी रीतसर नोंदली गेली. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप, मग विसाच्या दशकात सेंट्रिफ्युगल पंप अशी यादी वाढत गेली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत मेकॅनिकल शिकून १९२६ मध्ये परत आला. बापाने जे हाताने शोधलं होतं, ते पोराने वर्गात शिकून आणलं.

मशीन बनवणारं मशीन

आता माझ्या ड्रमवाल्या लेथकडे येतो. लेथमध्ये वस्तू गोल फिरते आणि टूल तिच्या जवळ सरकतं. बाकी मशीनमध्ये उलट असतं, ड्रिलमध्ये टूल फिरतं. लेथची गंमत अशी की त्यावर दुसऱ्या मशीनचे भाग बनतात, दुसऱ्या लेथचेसुद्धा. लेथ बाहेरून आणावा लागतो तोपर्यंत तुमचा प्रत्येक कारखाना बाहेरच्यावर अवलंबून. दुसऱ्या महायुद्धात जहाजं अडली तेव्हा हे सगळ्यांना समजलं. १९४१ मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झालं आणि तिथून लेथ बाहेर पडू लागले. ते देशभरातल्या आयटीआयमध्ये, एसटीच्या वर्कशॉपमध्ये, गल्लीतल्या जॉबवर्कवाल्यांकडे पोहोचले. आमच्या गावाला धातूकामाची सवय जुनीच, पितळी भांड्यांसाठीच भंडारा ओळखला जायचा. काकांच्या दुकानात तो लेथ त्यांच्या वडिलांच्या काळात आला. हरिहरचा कारखाना केव्हाच बंद पडलाय, पण हे मशीन अजून पातळ कट घेतं.

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. तोवर सूत्रं पुढच्या पिढीकडे गेली होती. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

घरी येऊन ड्रम बसवला. (जुने लायनर काढताना एक लक्षात ठेवा: त्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. हवेचा झोत मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच.) गेज लावला. काटा ०.०५ च्या आत. बाबा स्वतः स्टिअरिंगवर बसले, वरठीच्या रस्त्यावर गाडी नेली, एक ब्रेक दाबला, दुसरा दाबला. काही बोलले नाहीत. परत येताना शहापूरपर्यंत जाऊन येऊ म्हणाले. मागचे दोन ड्रम मी येत्या शनिवारी काकांकडे नेतोय, गंज मात्र या वेळी घरूनच काढून.