कै. विष्णुपंत पागनीस : रुपेरी पडद्यावरील संतदर्शन

पूर्ववयात रंगभूमीवर स्त्रीभूमिका आणि उत्तरवयात पडद्यावर संतभूमिका, असा विलक्षण प्रवास कै. विष्णुपंत पागनीस यांनी केला. ज्ञातिबंधुभगिनींनी त्यांचा ‘संत तुकाराम’ पाहिला असेलच. त्यामागील नटाचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

पागनीसांचा जन्म १८९२ साली चिकोडी येथे झाला. संगीत रंगभूमीवर काही काळ गाजवून ते पुढे मुंबईत संगीतशिक्षक झाले. भजनगायक म्हणूनही त्यांचा लौकिक होता. चाळिशी उलटल्यावर ‘प्रभात’ने त्यांना तुकोबांची भूमिका देऊ केली, तेव्हा स्त्रीभूमिकांतील लकबी त्यांच्या अंगी उरल्या आहेत, असा आक्षेप निघाला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु वर्षानुवर्षे पदर सावरलेल्या नटास स्वतःचा देह आवरणे किती सहज साधते, याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी केला नसावा.

१९३६ च्या डिसेंबरात हा बोलपट मुंबईच्या ‘सेंट्रल’मध्ये झळकला. दिग्दर्शक दामले व फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या कोल्हापूरच्या कंपनीत तयार झालेले कलावंत. चित्र कसे बसवावे, हे त्यांना ठाऊक होते. आरंभीच तुकोबा पांडुरंगापुढे बसून गात आहेत. हातवारे नाहीत, मुद्रेची ओढाताण नाही, आणि कॅमेऱ्यालाही कसली घाई नाही. पुढे तोच अभंग सालोमालो आपल्या नावावर, तानांची आतषबाजी करीत गातो. खरा कोण आणि खोटा कोण, याचा निवाडा प्रेक्षकाचे डोळेच करून टाकतात.

गौरीबाईंची आवली तर मूर्तिमंत हालचाल! ती ओरडते, मुलास फरफटत देवळात नेते, देवावर पायताण उगारते. (घरात दाणा नसता संसार हाकणाऱ्या त्या माउलीचा पक्ष घेतल्यावाचून आम्हांस राहवत नाही.) अशा वेळी पागनीस मान किंचित कलती ठेवून केवळ मंद हसतात. यास कोणी अभिनयाचा अभाव म्हणेल. आम्हांस मात्र वाटते की, तिच्या संतापाला आपटण्यासाठी अशी एक स्थिर भिंत हवीच होती. शेवटचे गरुडविमान आजच्या मुलांना खेळण्यातले वाटेल. पण त्यात बसलेल्या पागनीसांचा चेहरा पाहताना त्यांनाही हसू येत नाही.

चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या यशाची किंमत मात्र नटाने मोजली. त्यानंतर ‘संत तुलसीदास’ (१९३९), ‘नरसी भगत’ (१९४०), ‘महात्मा विदुर’ (१९४३) अशा भाविक भूमिकाच त्यांच्या वाट्यास आल्या. नाव पालटले, वेष पालटला. लोकांना हवे होते ते तुकोबाच. ज्या नटाने तारुण्यात नायिका रंगविल्या, त्याच्याकडून आणखी काय घेता आले असते, हे पाहण्याची तसदी निर्मात्यांनी घेतली नाही, याची आम्हांस खंत वाटते.

३ ऑक्टोबर १९४३ रोजी पागनीस निवर्तले. दिनदर्शिका, पोथ्या आणि तसबिरी यांवर पुढे जे तुकोबा छापले गेले, त्यांतील कित्येकांचे नाकडोळे पागनीसांचे आहेत. खाली नाव तुकोबांचे असते, आणि आषाढी-कार्तिकीस त्या तसबिरीला हार घालणाऱ्या हातांना आपण एका नटाच्या छायाचित्रास हार घालीत आहोत, याची वार्ताही नसते.