साखरेची देवळं बांधणारा

संक्रांत जवळ आली, दुकानांतून काळ्या साड्या आणि हलव्याच्या दागिन्यांची खोकी दिसू लागली, की मला हिर्डोशी आठवते. भोरहून वरंध घाटाकडे निघालं की लागणारं हे हिरडस मावळातलं गाव. आता त्या रस्त्याला नीरा देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. पावसाळ्यात इथे पाऊस म्हणजे काय ते कळतं, आणि पौषात थंडी अशी की शेगडीपासून उठवत नाही.

१९९० नंतरची काही वर्षं मी त्या तालुक्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. कर्जाच्या पाहणीसाठी खेडोपाडी फिरावं लागे. एके वर्षी दिवाळीनंतर हिर्डोशीच्या एका शिक्षकांच्या पत्नीने कर्जासाठी अर्ज केला. सगळं गाव त्यांना काकू म्हणे. माहेर पुण्याच्या पेठेतलं. आईकडून हलव्याचे दागिने करायला शिकलेल्या. दोन शेगड्या, चार पितळी पराती आणि साखरेची पोती घेण्यासाठी त्यांना पाच हजार रुपये हवे होते. माल पुण्याला पाठवायचा, संक्रांतीनंतर पैसे फेडायचे, असा साधा हिशेब.

मी त्यांच्या घरी गेलो. परातीखाली मंद निखारे, परातीत तीळ आणि खसखस. त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की हलवा पिवळा पडतो. असं दोन-तीन दिवस केलं की दाण्यावर पांढरे काटे फुलतात. मग एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवायचा, जरीच्या कागदावर बसवायचा आणि त्यातून मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, मंगळसूत्र घडवायचं. काकूंच्या बोटांची टोकं भाजून घट्ट झाली होती. मी सगळं पाहिलं, चहा घेतला, मूठभर हलवा खाल्ला आणि शाखेत परतून अर्जावर शेरा मारला. माल नाशवंत, तारण नाही, शिफारस करता येत नाही.

नियमाला धरूनच होतं ते. त्या रात्री मला झोपही चांगली लागली. तो शेरा मला टोचू लागला तो फार नंतर, आणि तोही एका फ्रेंच माणसामुळे.

निवृत्त झाल्यावर एका कादंबरीसाठी मी नेपोलियनच्या काळाबद्दल वाचत होतो. लढाया, तह, राजकारण यांच्या मधूनच एका स्वयंपाक्याचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं. मारी आंत्वान कारेम. कादंबरी राहिली बाजूला, मी या माणसाच्या मागे लागलो.

कारेमचा जन्म पॅरिसचा, जून १७८४चा. बाप मजूर, घरात पोरांचं लेंढार. तो पाच वर्षांचा असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, आणि पुढची काही वर्षं पॅरिसमध्ये रोजच्या भाकरीचीही शाश्वती राहिली नाही. बापाने एके दिवशी त्याला शहरात आणलं, पोटभर जेवू घातलं, तुझं नशीब तू शोध म्हणून सांगितलं आणि रस्त्यात सोडून दिलं, अशी हकीकत सांगतात. तेव्हा तो आठ-दहा वर्षांचा होता. एका साध्या खाणावळीत त्याला आसरा मिळाला. अन्न आणि निजायला जागा एवढ्यावर भांडी घासणं, चुली पेटवणं सुरू झालं.

साधारण १७९८च्या सुमारास तो सिल्व्हँ बायी नावाच्या नामांकित मिठाईवाल्याकडे उमेदवारीला लागला. बायीचं दुकान व्हिव्हिएन रस्त्यावर, पॅले रोयालजवळ होतं, आणि तिथून काही पावलांवर फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय. शाळेचं तोंड जवळजवळ न पाहिलेल्या या पोराला चित्रांचं वेड आहे हे बायीने ओळखलं. त्याने काय करावं? कामाच्या वेळातून त्याला ग्रंथालयात जायला सुट्टी दिली.

तिथल्या चित्रसंग्रहात कारेम बसू लागला. पालादिओ, विन्योला या इटालियन वास्तुशिल्पज्ञांचे आराखडे त्याने पुढे घेतले. ग्रीक देवळांचे खांब, रोमन कमानी, ईजिप्तचे पिरॅमिड, पडक्या किल्ल्यांची चित्रं. हे सगळं तो रेघ न रेघ उतरवून घेई. खांबाची जाडी आणि उंची यांचं प्रमाण काय, कमानीचा भार कुठे उतरतो, हे तो शिकला. दिवसा दुकानाचं काम, आणि रात्री त्या आराखड्यांवरून साखरेत आणि बदामाच्या पिठात हात चालवायचा.

त्या काळी मोठ्या मेजवानीत मेजाच्या मध्यभागी मिठाईची भव्य शिल्पं मांडत. पाहुणे जेवताना ती पाहायची, खायची क्वचितच. कारेमच्या हातात ती खऱ्या अर्थाने इमारती झाल्या. देऊळ असेल तर त्याचे खांब प्रमाणात, पडका वाडा असेल तर त्याची पडझडही पटण्याजोगी. कारण मिठाईकाम ही वास्तुकलेचीच शाखा आहे, असंच तो मानत असे.

ही कला शिकणं किती अवघड, ते समजायला आपल्या घरातला पाकच पुरे. आपल्या आया-आज्या एकतारी, दोनतारी, गोळीबंद असा पाक ओळखत, तसाच तो काळही हातानेच पाक ओळखे. बोटं थंड पाण्यात बुडवायची, उकळत्या पाकाला क्षणभर लावायची आणि पुन्हा पाण्यात. बोटांत गोळी मऊ होते की काचेसारखी मोडते, त्यावर पाकाची जात ठरे. काचेसारखा कडक पाक काट्याने उडवला की जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे तंतू निघत. त्यांचे धबधबे आणि शिरपेच होत. खांब आणि नक्षी यांसाठी वेगळं मिश्रण असे. कतिरा डिंक पाण्यात भिजवून त्यात पिठीसाखर मळायची. हा गोळा मातीसारखा हवा तसा वळतो आणि वाळला की दगडासारखा कडक होतो. माझी सून केकवरची फुलं शिकायला जाते. तिच्या डब्यातला फुलांचा गोळा याच घराण्यातला.

पण हवेत दमटपणा आला की खांब पाझरतात, मेणबत्त्यांची उष्णता लागली की तंतू खाली बसतात. कित्येक दिवसांची मेहनत एका रात्रीत ओघळते. ते ज्याला सोसवतं त्यानेच या वाटेला जावं.

१८०३-०४च्या सुमारास कारेमने स्वतःचं दुकान थाटलं. खिडकीतली त्याची शिल्पं पाहायला लोक थांबत. नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री तालेराँ हा मोठा खवय्या आणि त्याहून मोठा धूर्त. जेवणाच्या मेजावर राजकारण सोपं होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर एकही पदार्थ पुन्हा न करता, हंगामाच्या भाज्या-फळांतून जेवण रचायचं, अशी परीक्षा त्याने कारेमची घेतली असं सांगतात. तालेराँच्या मुदपाकखान्यात कारेम मिठाईवाल्याचा पूर्ण आचारी झाला. १८१०मध्ये नेपोलियनचं मारी लुईशी लग्न झालं, त्या समारंभाच्या मिठाईतही त्याचा हात होता.

हीच ती वर्षं, जेव्हा इंग्लंडशी चाललेल्या युद्धामुळे फ्रान्समध्ये बाहेरची साखर दुर्मिळ झाली. तोवर ती येई कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून, आणि ते मळे गुलामांच्या घामावर चालत. त्यातल्या सर्वांत श्रीमंत वसाहतीत १७९१मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १८०४मध्ये हैती नावाचं स्वतंत्र राष्ट्र उभं राहिलं. साखरेचं शुभ्र देऊळ पाहताना हेही लक्षात ठेवायला हवं. इकडे नेपोलियनने बीटापासून साखर काढायला उत्तेजन दिलं, आणि १८१२मध्ये ती यशस्वीपणे काढणाऱ्या देलेसेर या उद्योजकाचा सन्मान केला.

१८१४मध्ये नेपोलियन हरला. रशियाचा झार अलेक्झांडर पॅरिसमध्ये आला तो उतरला तालेराँच्याच घरी, आणि राजवट बदलली तरी कारेमची चूल पेटतीच राहिली. १८१६मध्ये तो इंग्लंडच्या युवराजाकडे गेला. ब्रायटनला या युवराजाचा प्रासाद तेव्हा नव्याने बांधला जात होता, आणि गंमत म्हणजे त्याचे घुमट हिंदुस्थानी धाटणीचे होते. जानेवारी १८१७मध्ये रशियाच्या निकोलससाठी तिथे मेजवानी झाली. शंभराहून अधिक पदार्थ, आणि मेजावर त्याच प्रासादाची मिठाईतली प्रतिकृती. विटांचे घुमट पुरे व्हायला अजून अवकाश होता, कारेमचे आधीच उभे राहिले होते.

तरी तिथलं धुकं आणि परका मुलूख त्याला मानवला नाही. १८१९मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला गेला, तिथेही रमला नाही. व्हिएन्नामध्ये इंग्रज वकिलाकडे काम केलं. शेवटी १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये बँकर जेम्स रॉथ्सचाइल्डकडे स्थिरावला. १८२९मध्ये लेडी मॉर्गन ही आयरिश लेखिका तिथे जेवायला आली, तेव्हा तिचं नाव साखरेत कोरलेला स्तंभ तिच्यासमोर ठेवला होता. लेखकांना मानपत्रं पुष्कळ मिळतात, असं कुणाला मिळालं असेल?

पण माझ्या दृष्टीने कारेमचं मोठेपण या मेजवान्यांत नाही. दिवसभर राबून रात्री तो टिपणं काढत असे. काय केलं, कसं केलं, काय फसलं. १८१५मध्ये मिठाईवरची त्याची दोन पुस्तकं निघाली. त्यांतल्या एकात मिठाईच्या इमारतींची शंभराहून अधिक चित्रं त्याने स्वतः काढलेली आहेत. १८२१मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्ग शहरासाठी खऱ्या वास्तूंचे आराखडेही छापले. फ्रेंच रश्श्यांची चार मुख्य कुळांत मांडणी केली. अखेरचा ग्रंथ पाच खंडांचा, त्यातले तीन त्याच्या हातून झाले, उरलेलं काम प्ल्यूमरे या आचाऱ्याने पुरं केलं. वितळणाऱ्या वस्तूंचं काम करणाऱ्या या माणसाला कागदाचं मोल नेमकं कळलं होतं.

त्या काळचे मुदपाकखाने बहुधा तळघरात. पदार्थ निवू नयेत म्हणून वारा बंद आणि चुलीत कोळसा. हा धूर आचाऱ्यांचा जीव घेतो हे कारेमला उमगलं होतं, त्याने ते लिहूनही ठेवलं. १२ जानेवारी १८३३ रोजी तो पॅरिसमध्ये गेला. वय फक्त अठ्ठेचाळीस. माँमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

हे वाचून संपलं आणि माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो राजे-महाराजांना जेवू घालणारा कारेम नव्हे, तर त्याचा मालक बायी. रस्त्यावर सोडलेलं पोर, ना घर, ना तारण, ना जामीनदार. जे करणार ते चार दिवसांत विरघळणारं. तरी बायीने त्याला आपल्या धंद्यातला वेळ दिला. बँकेच्या भाषेत बोलायचं तर ते विनातारण कर्जच होतं. उभी हयात कर्जं वाटण्यात घालवलेल्या मला, माणसाची बोटं पाहून कर्ज देता येतं हे कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी जानेवारीत मी हिर्डोशीला गेलो. काकूंनी ऐंशी ओलांडली आहे, गुरुजी आता नाहीत. मला त्यांनी ओळखलं. कर्ज नाकारल्यावर त्यांनी आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. सोन्याचे दागिने ठेवून साखरेचे केले, आणि तीन संक्रांतींत ते सोडवून आणले. हे त्यांनी हसत सांगितलं, त्यात ठपका नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना श्वासाचा त्रास होतो. मला निखारे आणि तो फ्रेंच माणूस आठवला. आता नात गॅसवर मंद आचेने काम करते.

मी हलवा शिकवा म्हणून विनंती केली. सोबत वही नेली होती. काकूंचं प्रमाण सगळं हातात. चमचा किती भरायचा, पाक किती वेळाने सोडायचा, हे त्यांनी कधी मोजलेलं नाही, कधी लिहिलेलं नाही. मी घड्याळ लावून मोजत गेलो, नातीने वजनं केली, काकू मधूनमधून आमच्या आकड्यांना नाकं मुरडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या परातीत काटे फुलले. माझ्या परातीतले तीळ गोल, गुळगुळीत आणि पिवळसर राहिले. बोटं मात्र भाजली.

तो हलवा मी डबीत भरून घरी आणला. वहीची सतरा पानं भरली आहेत. तिची एक प्रत काकूंच्या नातीकडे आहे, आणि पहिल्या पानावर आम्ही काकूंचं नाव घातलं आहे. काटा अजून मला जमलेला नाही. यंदा थंडी पडली की पुन्हा जाणार आहे.