बडोद्याची कचेरी ते देहूरोडचा विहार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेतले की हाती घटनेचा ग्रंथ घेतलेला त्यांचा पुतळा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच थोर पुरुषाला वयाच्या २६ व्या वर्षी आपली नोकरी सोडून, सामान उचलून, रात्रीच्या गाडीने परत यावे लागले होते, ही हकिकत विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. आपल्या हिंजवडीत आज मोठमोठ्या कंपन्या आहेत. आपली मुले-मुली तेथे कामाला जातात. त्यांतील काहींच्या वाट्याला वरिष्ठांचा जाच व सोबत्यांचे टोमणे येतात, आणि घरी आल्यावर ती कोणाशी बोलत नाहीत. अशा घरांतील पालकांनी ही हकिकत अवश्य वाचावी.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी. घरात भजन, पाठांतर आणि शिस्त यांचे वातावरण होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेले हे पुस्तक किती दूरवर पोहोचले, ते पुढे येईलच.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना १९१३ साली अमेरिकेस पाठविले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एम. ए. केले, प्रबंध लिहिला. पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली परत यावे लागले. करारान्वये दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची होती.

महाराजांची आज्ञा असूनही त्यांना उतरवून घेण्यास स्टेशनवर कोणी आले नाही. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते रुजू झाले. त्या काळी एवढे शिकलेले लोक अख्ख्या देशात किती असतील! परंतु कचेरीतील शिपाई विटाळाच्या भयाने कागदपत्रांची भेंडोळी त्यांच्या टेबलावर लांबूनच फेकीत. पिण्याचे पाणी मिळत नसे. राहण्यास जागाही कोणी देईना. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. भाडे व जेवण मिळून रोजचा दीड रुपया. माडीवरील त्या मोठ्या दालनात दुसरा माणूस नव्हता; एक मिणमिणता कंदील आणि वटवाघळांचा चित्कार. मुंबईहून उरलेले सामान घेऊन त्यांचा भाचा आला. मामाची ती दशा पाहून तो मोठमोठ्याने रडू लागला, म्हणून त्यांनी त्याला लगेच परत पाठविले.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघाले असता काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याची ताकीद मिळाली. भीमरावांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, त्याने नोकर निघून जातील अशी सबब सांगितली. दुसरा ख्रिस्ती, त्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगून वेळ मारून नेली. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. या प्रसंगाची आठवण झाली की अठरा वर्षांनंतरही त्यांचे डोळे भरून येत, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे.

नोकरी सोडणे म्हणजे हार, असे आपल्याकडे अनेक पालक मानतात. मुलगा घरी परतला की चारचौघांत तोंड दाखवायला लाज वाटते. मला हे पटत नाही. सब्र म्हणजे अपमान गिळून तेथेच बसून राहणे नव्हे.

मुंबईस आल्यावरही सुख नव्हते. शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. आणि त्यांची व्याख्याने ऐकण्यास मात्र इतर कॉलेजांचे विद्यार्थी येत! पगारातून शिल्लक टाकून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करून, बॅरिस्टर होऊन १९२३ साली परतले. जाण्यापूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी मूकनायक पत्र सुरू केले होते. आपल्यावर गुदरले ते लाखोंवर रोज गुदरते, ही जाणीव झाली आणि एका माणसाचे दुःख समाजाचे कार्य बनले.

नेता म्हणून त्यांची खरी कसोटी महाडला लागली. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. बाबासाहेबांचे संतप्त अनुयायी केवळ त्यांच्या खुणेची वाट पाहत होते. त्यांनी ती खूण केली नाही. शांत राहण्यास सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थाने दिली.

हे वाचून आपल्याला अभिमान वाटेल. परंतु पुढचेही वाचले पाहिजे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी दारापाशी असलेल्या हौदाचे पाणी वापरले. तेव्हा धेडांनी हौद बाटविला म्हणून ओरडत आले ते मुसलमानच होते, आणि महिना रमजानचा होता. रोजा ठेवलेल्या माणसाच्या तोंडी ही भाषा! आपण आपल्या मुलांना फत्तेखानांची गोष्ट सांगू आणि दौलताबादची दडवू, तर ते शिक्षण कसले?

१९४२ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे मजूर खाते आले. ज्याला कचेरीत पाणी मिळाले नाही, तो आता साऱ्या देशातील कामगारांचा कारभार पाहू लागला. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची कायदादुरुस्ती त्याच प्रयत्नांचे फळ. पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट करण्यात आली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी, मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, औरंगाबादचे मिलिंद कॉलेज ही त्यांची शिक्षणकार्ये सर्वश्रुत आहेत.

एवढे मिळवूनही बडोद्याची जखम पदव्यांनी वा अधिकाराने भरून आली होती, असे मला वाटत नाही. माणसाला माणूस मानणारी श्रद्धा त्यांना हवी होती. १९३५ साली येवल्यास त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मग सुमारे एकवीस वर्षे अभ्यास केला, अनेक धर्म पारखले. घाईने किंवा रागाने त्यांनी काहीच स्वीकारले नाही. केळुसकर गुरुजींच्या त्या पुस्तकाचे बीज इतक्या वर्षांनी फळाला आले. शरीर थकले, मधुमेहाने ग्रासले, तरी बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथाचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

आपल्या हिंजवडीहून देहूरोड फार लांब नाही. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना स्वहस्ते केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर आठ आठवड्यांतच, ६ डिसेंबर रोजी दिल्लीस त्यांचे देहावसान झाले. देहूरोडच्या त्या विहारात आजही दर २५ डिसेंबरला दूरदूरच्या गावांहून माणसे येतात.