गोदावरीला बंधारा घालणारे कॉटनसाहेब

मुलांनो, आपल्या सावली तालुक्याच्या कडेने वैनगंगा वाहते. पुढे तिला वर्धा नदी मिळते व तिची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. त्या गोदावरीला बंधारा घालणाऱ्या इंजिनियरची ही माहिती.

सर ऑर्थर कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडात झाला. १८२१ साली ते मद्रासला आले. तेथे कावेरी नदीवर चोल राजांनी बांधलेला फार जुना बंधारा होता. वाळूवर दगडी बंधारा कसा टिकतो, हे साहेब त्याच्याकडून शिकले. शिकायला लाज कसली?

१८३३ च्या सुमारास गोदावरीकाठी मोठा दुष्काळ पडला. हजारो माणसे अन्नावाचून मेली. नदीचे पाणी मात्र समुद्राला जात होते! मग १८४७ साली धवळेश्वरम येथे काम सुरू झाले. हजारो मजूर राबले. १८५२ साली सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा बंधारा पुरा झाला. नहरांचे पाणी शेतात गेले. लाखो एकर जमीन भिजू लागली.

नहरांतून नावाही चालायच्या. पण वरच्या पाण्यातली नाव खालच्या नहरात उतरणार कशी? त्यासाठी लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन दारांचे लांब बांधीव टाके. नाव आत आली की मागचे दार लावायचे, पाणी हळूहळू सोडायचे. पाण्याबरोबर नाव खाली उतरते. मग पुढचे दार उघडायचे. झाले!

खरी अडचण लॉकच्या तोंडाशी असते बरं का. बंधाऱ्याजवळ पाण्याला भारी ओढ असते, ती नावेला खेचते. पाणी अगदी संथ ठेवावे तर तोंडाशी वाळू साचते. म्हणून बंधाऱ्याच्या टोकाला वाळू वाहून नेणाऱ्या मोऱ्या ठेवल्या. अशा ठिकाणी ओढ कुठे वळवायची, भिंत कुठे घालायची, हे आधी ठरवावे लागते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात आज नद्यांचे व बंदरांचे लहान नमुने करून पाण्याची ओढ पाहतात.

आपल्याकडचा कापूस नावेने समुद्रापर्यंत न्यावा, असेही साहेबांचे म्हणणे होते. त्यासाठी गोदावरी-प्राणहितेवर दुम्मागुडेम, इंचमपल्ली व देवलमारी येथील खडकाळ जागी कामे काढली. पण खर्च फार वाढला. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी. १८६७ साली नागपूरला आगगाडी आली. शेवटी १८७१ साली काम सोडून दिले. आपल्याकडचा नावांचा मार्ग पुरा झालाच नाही.

२४ जुलै १८९९ रोजी साहेब वारले. धवळेश्वरमच्या नव्या बराजला त्यांचेच नाव आहे.

एक काम साधले, दुसरे राहिले. मोठ्यांचेही असे होते. बांधीतून पाणी खाली उतरते तिथे एक काडी सोडून पाहा. ती कुठे खेचली जाते? पाण्याची ओढ आधी ओळखावी, मग बांध घालावा.