संत चार्ल्स द फुको : नव्या जन्माची तीस वर्षे



निकदेम रात्रीच्या वेळी प्रभू येशूकडे आला, तेव्हा त्याच्यापुढे एक कोडे उभे राहिले : वय झालेला मनुष्य पुन्हा कसा जन्म घेणार? संत योहानाच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. स्नानसंस्काराच्या पाण्याने व पवित्र आत्म्याने आपला नवा जन्म झाला, ही ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचा स्नानसंस्कार तान्हेपणी झाला. त्या दिवसाची आठवणही आपल्यापाशी नाही. मग तो नवा जन्म आपण जगतो तरी कोठे? १ डिसेंबर रोजी ज्यांचे स्मरण केले जाते, त्या संत चार्ल्स द फुको यांच्या जीवनात आम्हाला या प्रश्नाचे उत्तर सापडते.

चार्ल्स यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५८ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एका सरदार घराण्यात झाला. त्याच वर्षी त्यांना स्नानसंस्कार मिळाला. सहा वर्षांचे होण्यापूर्वीच माता व पिता दोघेही निवर्तले आणि आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. किशोरवयात त्यांची श्रद्धा मालवली. पुढे ते सैन्यात अधिकारी झाले, पण नाव झाले ते मेजवान्या, उधळपट्टी आणि बेशिस्तीमुळे. आजोबांच्या निधनानंतर हाती आलेली मोठी संपत्ती ते इतक्या वेगाने उडवू लागले, की अखेर कुटुंबाला कायद्याचा आधार घेऊन त्यांच्या व्यवहारांवर नियंत्रण आणावे लागले.

१८८२ मध्ये त्यांनी सैन्य सोडले. त्या काळी मोरोक्को देश युरोपीय ख्रिस्ती प्रवाशांना बंद होता. १८८३-८४ मध्ये ज्यू धर्मगुरूच्या वेषात, मार्दोशे या ज्यू वाटाड्यासोबत, सुमारे अकरा महिने त्यांनी तो देश पालथा घातला. या संशोधनासाठी १८८५ मध्ये पॅरिसच्या भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. मात्र त्या प्रवासातून त्यांनी नकाशांखेरीज आणखी काही आणले होते. मुसलमान बांधवांना ठरल्या वेळी देवापुढे नतमस्तक होताना पाहून त्यांचे अंतःकरण हलले होते. जो देव आपण सोडला, तो खरोखर असेल काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

पॅरिसला परतल्यावर मारी द बाँदी या त्यांच्या आतेबहिणीच्या सोज्ज्वळ श्रद्धेने त्यांच्यावर मूक प्रभाव पाडला. ऑक्टोबर १८८६ च्या अखेरीस एका सकाळी ते संत ऑगस्तीन चर्चमध्ये फादर युवलँ यांना भेटावयास गेले. श्रद्धेविषयी चर्चा करावी, शंका विचाराव्यात, एवढाच त्यांचा हेतू होता. फादरांनी चर्चेला सुरुवातच केली नाही. त्यांनी या २८ वर्षांच्या तरुणाला गुडघे टेकून पापनिवेदन करावयास सांगितले. चार्ल्स यांनी गुडघे टेकले. पापक्षमा मिळाल्यावर त्याच वेळी त्यांना ख्रिस्तशरीरही देण्यात आले. स्नानसंस्कार दुसऱ्यांदा होत नाही. परंतु तान्हेपणी मिळालेले व पुढे हरवलेले जीवन त्या सकाळी त्यांना परत मिळाले.

कित्येक चरित्रे अशा ठिकाणी कळसाला पोहोचतात. चार्ल्स यांच्या बाबतीत ही केवळ सुरुवात होती. जन्मलेल्या बाळाला जसे वाढावे लागते, तसे त्यांना पुढील तीस वर्षे वाढावे लागले. १८९० मध्ये ते त्रापिस्त मठात दाखल झाले. तेथून सिरियातील अकबेसच्या मठात गेले. तेथील दारिद्र्यही त्यांना पुरेसे वाटेना. १८९७ मध्ये मठ सोडून ते नाझरेथला संत क्लारा यांच्या संघातील भगिनींच्या मठात गडी म्हणून राहिले. येशूने नाझरेथमध्ये तीस वर्षे काबाडकष्टात घालवली, तोच गुप्त मार्ग त्यांना हवा होता. ९ जून १९०१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि ते अल्जीरियातील बेनी अब्बेस येथे गेले. तेथे त्यांनी काही गुलामांना पैसे भरून मुक्त केले व गुलामगिरीविरुद्ध अधिकाऱ्यांना लिहिले. १९०५ मध्ये सहारा वाळवंटाच्या खोल भागात, तामनरासेत येथे, तुआरेग लोकांमध्ये त्यांनी झोपडी बांधली. त्यांची भाषा शिकून प्रचंड शब्दकोश रचला, त्यांची काव्ये जमवली.

तरीही एक उणीव राहिली होती. आजवर चार्ल्स देत आले होते. घेणे त्यांना ठाऊक नव्हते. १९०७ च्या दीर्घ दुष्काळात त्यांनी आपला शिधा भुकेल्यांना वाटून टाकला. त्या काळच्या नियमानुसार सोबतीला कोणी नसताना धर्मगुरूला मिस्सा अर्पण करता येत नसे. त्यामुळे त्या नाताळला ते मिस्साविना राहिले. जानेवारी १९०८ मध्ये ते अंथरुणाला खिळले आणि मृत्यू जवळ आला असे त्यांना वाटले. तेव्हा तुआरेग शेजाऱ्यांनी आजूबाजूच्या परिसरात फिरून, दुष्काळात आटलेल्या शेळ्यांचे जे थोडेसे दूध मिळाले ते गोळा केले व त्यांना पाजले. ज्यांना काही देण्यासाठी ते आले होते, त्यांच्याच हातून ते जगले. आम्हाला वाटते, पॅरिसमधील त्या सकाळी सुरू झालेला जन्म येथे पूर्ण झाला. पुन्हा जन्मणे म्हणजे पुन्हा तान्हे होणे. आणि तान्ह्या बाळाला दुसऱ्याने दूध पाजावे लागते.

जगाच्या दृष्टीने त्यांचे जीवन अपयशी ठरले. त्यांना एकही कायमचा सोबती लाभला नाही, धर्मांतरे जवळजवळ झालीच नाहीत. फ्रेंच वसाहती सत्तेशी त्यांचा जो जवळचा संबंध होता, त्यावर आज अभ्यासक टीका करतात, आणि ती टीका आपणही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. संत हे दोषरहित जन्मत नाहीत. १ डिसेंबर १९१६ रोजी हल्लेखोरांनी त्यांना पकडले व गोंधळात पहारा देणाऱ्या एका पोराने गोळी झाडली. त्यानंतर, १९३३ मध्ये, त्यांच्या प्रेरणेने येशूचे लहान बंधू हा संघ उभा राहिला. १९३९ मध्ये लहान भगिनींचा संघ आला. गव्हाचा दाणा मातीत पडला होता.

१५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये त्यांना संत म्हणून घोषित केले. त्याच सोहळ्यात आपल्या भारताचे संत देवसहायम यांनाही हा मान मिळाला. १७४५ मध्ये प्रौढपणी स्नानसंस्कार घेऊन १७५२ मध्ये त्यासाठी प्राण देणारे देवसहायम आणि तान्हेपणीचा संस्कार २८ व्या वर्षी पुन्हा गवसलेले चार्ल्स : वाटा दोन, जन्म एकच.

बंधुभगिनींनो, संत चार्ल्स यांचा दिवस आगमनकाळाच्या उंबरठ्यावर येतो. नाताळची तयारी करताना आपण घर रंगवतो, गोठा सजवतो. यंदा त्याआधी पापनिवेदनासाठी गुडघे टेकू या. शंका सुटण्याची वाट पाहत बसलो, तर ती सकाळ कदाचित उजाडणारच नाही. आणि ज्याला आपण मदत करतो, त्याच्याकडून एखादा पेला दूध घेण्याची नम्रताही प्रभूकडे मागू या.