नादसेवेचे व्रती : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

सज्जनहो, लातूर जिल्ह्यात जळकोटच्या बाजूला एखाद्या गावी सप्ताह बसला, म्हणजे रात्रीच्या कीर्तनाला सारा गाव लोटतो. वीणेकरी उभा असतो, टाळकरी रांगेने उभे राहतात, पखवाजावर थाप पडते. मधूनच एखादा तयार गळ्याचा गायक चालीत रागाची आलापी घेतो आणि पुढे बसलेला म्हातारा शेतकरी मान डोलावतो. त्याला रागाचे नाव विचाराल तर सांगता यायचे नाही. पण स्वर कुठे लागला अन् कुठे हुकला, हे त्याला बरोबर कळते. हा कान त्याला वारीने दिला. मात्र ज्याला आपण पक्के गाणे म्हणतो, ते या म्हाताऱ्याच्या आजा-पणजाच्या वाट्याला कुठले यायला? मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. गवयाचे गाणे म्हणजे राजेरजवाड्यांच्या महालातली वस्तू. ते गाणे महालातून उचलून चार माणसांत आणण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे चरित्र आज आपण थोडक्यात पाहू.

बुवांचा जन्म कृष्णाकाठच्या कुरुंदवाड संस्थानात, १८ ऑगस्ट १८७२ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी झाला. मूळचे हे गाडगीळ. पलुस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. त्यांचे कीर्तन हरिदासी परंपरेचे, आपल्या वारकरी कीर्तनाहून पद्धतीने वेगळे. पण हरिकथा आणि स्वर-ताल हे बाळकडू मुलाला घरातच मिळाले.

पुढे एक मोठे संकट ओढवले. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीचा उत्सव होता. त्या उत्सवात फटाक्याने मुलाचे डोळे दुखावले. शाळेची पुस्तके वाचणे अशक्य झाले आणि शिक्षण तिथेच खुंटले. उपचारासाठी मिरजेला आणले असता डॉक्टरांनीच सुचवले, की या मुलाला गाणे शिकवावे. मिरजेच्या अधिपतींनी त्याला पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हवाली केले. एक दार बंद झाले, तेव्हा पांडुरंगाने दुसरे उघडले, असेच म्हणायचे.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे थोर गुरू. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी, आणि वासुदेवबुवांचे गुरू ग्वाल्हेरचे हस्सूखाँ. ही विद्या अशी हिंदू-मुसलमान दोघांच्या घरांतून वाहत आली आहे, हे विसरून चालणार नाही. या गुरूंपाशी विष्णूने वर्षानुवर्षे मेहनत केली. तेव्हाची मेहनत म्हणजे काय सांगावे! पहाटे तंबोरा घेऊन बसायचे ते गुरूंनी ऊठ म्हणेपर्यंत.

मिरजेतल्याच एका प्रसंगाने बुवांचे सारे आयुष्य वळले, असे सांगतात. गावात एक मोठा समारंभ होता. प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रणे गेली. संस्थानिकांच्या आश्रयाला असलेल्या तरुण विष्णूलाही बोलावणे आले. पण प्रत्यक्ष त्याच्या गुरूंना मात्र नाही. चौकशी करता कळले, की ते गवई. गवयाला अशा बैठकीत मान कसला? ज्या गुरूच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो, त्याची समाजातली किंमत एवढीच, हे शल्य त्या तरुणाच्या काळजात रुतले. गवयाला मान मिळाला पाहिजे, आणि गाणे घराघरांत गेले पाहिजे. या दोन गोष्टी त्याने मनाशी धरल्या.

१८९६ साली बुवांनी मिरज सोडली. राजाश्रय होता, मान होता, ताट वाढलेले होते. ते सारे सोडून तंबोरा घेऊन हा मनुष्य निघाला. औंध, सातारा, बडोदे असे करीत ते काठेवाडात गेले. तिथे त्यांनी एक नवीच गोष्ट केली. कुणा एका धनिकाच्या दिवाणखान्यात न गाता, थोडे मोल ठेवून सर्वांसाठी जाहीर जलसा केला. ज्याच्या खिशात तेवढे पैसे असतील त्याने यावे, पुढे बसावे, ऐकावे. इथे श्रोता कुणाचा मिंधा नाही आणि गवईही कुणाचा मिंधा नाही.

आता वारकरी वाचकाच्या मनात एक शंका येईल, आणि ती यायलाच हवी. आपल्या संतांनी तर हरिकथेचा विकरा करू नये असे निक्षून सांगितले. मग स्वराला मोल लावणे हे कसे? पण विचार करून पाहा. दरबारातला गवई रोज विकलाच जात होता. फक्त विकत घेणारा एकच होता. त्याची मर्जी फिरली की गवयाची चूल विझली. बुवांनी त्या एका धन्याच्या जागी समाज आणला. आणि मिळालेल्या पैशाचे त्यांनी काय केले, ते पुढे येईलच. त्यावरून ज्याने त्याने ठरवावे.

काठेवाडातून ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली करीत ते पंजाबात गेले. मथुरेत राहून व्रजभाषा आत्मसात केली, कारण चिजांचे शब्द त्या भाषेतले. शब्द न समजता गाणे म्हणजे नामाचा अर्थ न धरता ओठ हलवणे! ५ मे १९०१ या दिवशी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कुठे कृष्णाकाठ आणि कुठे लाहोर! ना ओळख, ना पाठीशी संस्थानिक. लोकांकडून वर्गणी आणि जलशांचे उत्पन्न, यांवर ही शाळा उभी राहिली.

तोवर गाणे शिकायचे तर उस्तादाच्या घरी राबायचे, त्यांची मर्जी सांभाळायची, तेव्हा कुठे एखादी चीज पदरात पडायची. बुवांनी वर्ग काढले, ठराविक वेळ आणि अभ्यासक्रम ठेवला. स्वर लिहून ठेवण्याची स्वतःची पद्धत बसवली आणि पुस्तके छापली. स्त्रियांनाही शिकण्याची वाट करून दिली. गरीब होतकरू मुलांसाठी उपदेशक वर्ग काढला. त्यांचे जेवणखाण, राहणे, शिक्षण सारे विद्यालयाकडे. मुलांनी फक्त नऊ वर्षे निष्ठेने शिकण्याचा करार करायचा. जलशांतून आलेला पैसा या पोरांच्या ताटात जात होता, बरं का!

जलशाचीही त्यांनी शिस्त बदलली. ठरल्या वेळी कार्यक्रम सुरू व्हायचा. रात्र रात्र एकच राग आळवण्याऐवजी सामान्य माणसाला झेपेल इतके आणि असे गायचे. शृंगाराचे उघडे शब्द काढून त्या जागी भक्तीचे शब्द घातले. सूर-तुलसी-मीरेची भजने ख्यालाच्या बरोबरीने गाइली. जाणकारांपैकी काहींनी यावर नाके मुरडली. अशा शाळांतून थोर गवई निपजतील काय, असा त्यांचा सवाल. तो अगदीच पोकळ नव्हता. वर्गात बसून कुणी तानसेन होत नाही. पण बुवांचे म्हणणे असे, की तानसेन झाले नाहीत तरी गाणे कळणारे कान तयार झाले, तरी पुष्कळ झाले. शिवाय पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकबुवा पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर यांसारखे शिष्य त्याच शाळेने दिले, हेही सांगितले पाहिजे.

१९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झाले आणि खूप वाढले. पुढे स्वतःची इमारत उभी केली. पण ती कर्जाने. बुवा गावोगाव जलसे करीत आणि व्याज भरीत. देशाचे कामही अंगावर घेतलेले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ साली काकीनाडा येथे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास आक्षेप घेतला, तरी बुवांनी गीत पूर्ण म्हटले. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना त्यांनी गांधीजींच्या साबरमती आश्रमात पाठविले. तिथल्या प्रार्थनेला स्वर लाभला तो खरेशास्त्र्यांचा. १९३० च्या दांडीयात्रेत खरे चालत होते, आणि त्या यात्रेतून देशभर गेलेल्या रामधुनीची चाल विष्णु दिगंबरांच्या नावानेच ओळखली जाते.

इकडे कर्ज काही फिटेना. अखेर मुंबईची इमारत लिलावात गेली. एखादा खचून गेला असता. घरातही दुःख कमी नव्हते; किती तरी अपत्ये बालपणीच गेली होती. पण बुवांचे मन आधीच रामनामाकडे वळले होते. १९२२ साली त्यांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम स्थापला होता. अंगावर भगवी वस्त्रे आली. आता जलसा नाही, तिकीट नाही. तुलसीरामायण गात गात सांगायचे, आणि समोरच्या सर्वांना नामात ओढून घ्यायचे. कीर्तनकाराचा मुलगा फिरून कीर्तनापाशी आला! मघाच्या शंकेचे उत्तर इथे मिळते. ज्याने मोल लावून गाणे चौकात आणले, त्यानेच शेवटी ते बिनमोल करून रामापाशी ठेवले. स्वतःपाशी उरवले काहीच नाही.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत बुवांनी देह ठेवला. जिथून गवयाच्या मानासाठी निघाले, तिथेच विसावले. मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा १० वर्षांचा. तोच पुढे पं. द. वि. पलुस्कर म्हणून नावाजला. त्याची गोड भजने घराघरांत पोचली, पण १९५५ साली तोही अकाली गेला. बुवांच्या मागे शिष्यांनी १९३१ सालीच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. आज लहान गावातले मूल पेटीच्या वर्गाला जाते आणि प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षांना बसते, ती वाट या मंडळाने आखली. त्या मुलाला आता कुणा राजाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

म्हणून मायबापहो, सांगणे एवढेच. आपल्या सप्ताहात गायक येतो, पखवाजी येतो. तो लांबून आलेला असतो. रात्र जागतो, घसा फोडतो. काल्याच्या दिवशी पंगत बसते तेव्हा तो कुठे बसला आहे, एवढे जरा पाहत जा. महाराजांना पाट आणि गायकाला कोपरा, असे आपल्याकडे होऊ नये. एका गुरूला बैठकीत जागा मिळाली नाही, म्हणून एका शिष्याने सारा देश पालथा घातला. आणि गाणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे, की गळा त्याचा असला तरी नाद देवाचा आहे.

॥ रामकृष्णहरि ॥